डावीकडचा खांब

९ ऑक्टोबर
कॅम्प, सरावाला जाण्याआधी

दाजी, नमस्कार.

आधी एक शपथ घाला स्वतःला. हे पत्र ताईच्या हाती लागता कामा नये. तुमच्या खेळाच्या बॅगेत, घाणेरड्या मोज्यांखाली ठेवा, तिथे ती हात घालत नाही. फोनच केला असता, पण आमच्या श्रीमंत क्लबात सामन्यांवर लक्ष राहावं म्हणून सगळ्यांचे मोबाइल पहिल्याच दिवशी पिशवीत भरून नेले. उरला तो एक फोन मॅनेजरच्या टेबलावर, आणि मॅनेजर त्या टेबलाला चिकटलेला. म्हणून हा कागद. आमच्या बुटांचं सामान सांभाळणारे काका आहेत, ते गुपचूप पोस्टात टाकतील.

परवाचा सामना तुम्ही पाहिलाच असणार. कॉर्नरवर मी चेंडू मुठीने लांब मारला आणि त्याच वेळी त्यांच्या उंच डिफेंडरचा गुडघा माझ्या डाव्या कानशिलावर बसला. टीव्हीवर मी हसत उठलो. हसलो कारण उठताना नक्की कुठे उभा आहे ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. मग मधूनच कोपऱ्यात लखलखायला लागलं. आणि काल रात्रीपासून डाव्या कडेने सावली आल्यासारखी वाटते. उजवा डोळा मिटून खोलीच्या दाराकडे पाहिलं तर चौकट मधेच वाकडी दिसते.

क्लबच्या डॉक्टरला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो त्याच दिवशी मला घरी पाठवेल. तुमच्या मैदानासमोर तो डोळ्यांचा डॉक्टर आहे ना, ताईने चष्मा केला तो? त्याला माझं नाव न घेता विचारा, हे आपोआप बरं होतं का. एवढंच काम.

दाजी, मी सदतीस वर्षांचा आहे. पेपरवाले आजवरच्या मोठमोठ्या गोलकीपरांची नावं काढतात तेव्हा माझं नाव पहिल्या तिघांत असतंच. आणि नावाच्या पुढे एक ‘पण’ असतो. पण चषक नाही. लीग आहे, देशासाठी खेळलोय, पेनल्टी किती अडवल्या त्याची लोक गाणी म्हणतात, पण हा एक चषक नाही. आता दोन सामने राहिलेत. दोनच. त्यानंतर मी ग्लोव्ह्ज खुंटीला टांगतो आणि हवा तो डॉक्टर, हवं ते हॉस्पिटल.

तुम्ही शिकवता त्या टीमला सेमीफायनलसाठी शुभेच्छा. तुमची ती फाटकी टीम इथपर्यंत पोचली हाच चमत्कार आहे, आता फार हाव धरू नका.

तुमचा मेहुणा

(मैदानात इतकी वर्षं तुम्हाला ‘ए बावळटा’ म्हणून हाका मारल्या आणि आता बहिणीच्या धाकाने ‘तुम्ही’ लिहितोय.)


१२ ऑक्टोबर
घरून

भिंतराव,

लोक तुला भिंत म्हणतात म्हणून तू खरोखरच विटांचा झालास की काय? डोळ्यासमोर सावली येते आणि हा शहाणा दाराच्या चौकटी बघत बसलाय.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाला गुडघा लागला, असं असं होतंय. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “माणूस आहे कुठे?” म्हटलं, लांब आहे. “मग त्याला जवळ आणा.” त्याचं म्हणणं असं, की डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागलाय. धागे, लखलखाट, कडेची सावली, सगळं तेच सांगतं. हे आपोआप बरं होत नाही. आपोआप वाढतं. लवकर ऑपरेशन केलं तर बरीच नजर वाचते. आणि तेवढ्यात पुन्हा तिथेच दणका बसला तर त्या डोळ्याने दिवस आहे की रात्र एवढंसुद्धा कळणार नाही. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं.

तुला चषक हवाय हे मला कळतं. माझ्याइतकं कुणाला कळणार? तुझ्यापुढे डिफेन्समध्ये उभं राहून मी दोन फायनल हरलोय. पण मोठ्या खेळाडूंचं काय काय झालं तेही आपण दोघांनी मिळूनच पाहिलंय. जादूगार आठव. एकतिसाव्या वर्षी, पाय अजून नाचत असताना, एका शनिवारी खेळून घरी गेला आणि सोमवारी चपलांचं दुकान उघडलं. लोक आजही त्या दुकानात चप्पल नको असली तरी जातात. आणि तोफ? आपल्या लहानपणी त्याच्यासारखा फॉरवर्ड नव्हता. दोन वर्षं जास्त खेळला. त्याच्याच लोकांनी त्याला शिट्ट्या मारून बाहेर काढला. तो खाली मान घालून आपल्यासमोरून गेला तेव्हा तू रडला होतास.

आजच डॉक्टरला सांग. माझी आज्ञा समज, विनंती समज, वाटेल ते समज.

ताईला सांगितलेलं नाही. पण काल जेवताना मी भातावर दोनदा मीठ घातलं आणि तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजिबात आवडलं नाही. आमचा सामना शनिवारी. हाव धरत नाही, पण पोरं ऐकतील असं दिसत नाही.

तुझा दाजी


१७ ऑक्टोबर
कॅम्प

दाजी,

जादूगार आणि तोफ सांगितलेत, लोक ज्याला आजोबा म्हणायचे तो विसरलात वाटतं. चाळिशी जवळ आलेली, एक पाय कामातून गेलेला, सामन्याआधी दोघे जण धरून त्याच्या बुटांत त्याचे पाय घालायचे. तरी फायनलला उभा राहिला आणि चषक घेऊनच खाली बसला. त्याला कुणी विचारलं का पुढची वीस वर्षं काठी घेऊन चालावं लागलं त्याचं काय? कुणी नाही. चषक हातात घेतलेला फोटो तेवढा प्रत्येक केशकर्तनालयात लावलेला आहे.

आम्ही सेमीफायनल जिंकलो. पेनल्टीवर. रेडिओवाला ओरडत होता म्हणे, भिंतीला सगळं दिसतं. अहो, मला निम्मंच दिसत होतं! पण पेनल्टीला मी चेंडू बघतच नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मारणाऱ्याचा जमिनीवर टेकलेला पाय बघतो. त्या पायाचं बोट जिकडे, तिकडे चेंडू. त्यासाठी एक डोळा रग्गड झाला. त्रास होतो तो डावीकडून उंच येणाऱ्या चेंडूचा. तो आधी नसतो आणि एकदम असतो. त्यावर उपाय काढलाय. मान थोडी डावीकडे वळवून उभा राहतो. वार्ताहरांना सांगितलं, मान आखडलीय, वाईट उशी. क्लबने लगेच माझ्यासाठी नवी उशी मागवली.

सावली वाढलीय, खोटं बोलत नाही. नाकापर्यंत आली नाही अजून.

आणि मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी टीव्हीवर तुमचा निकाल. अख्खं जेवणघर चमचे खाली ठेवून बघायला लागलं. तुमची ती फाटकी टीम फायनलला! तुमचा तो फॉरवर्ड, ज्याला सगळे रेडा म्हणतात, त्याने शेवटच्या मिनिटाला डोक्याने गोल मारला आणि तुम्ही मैदानात धावत जाताना घसरून पडलात ते तीन वेळा दाखवलं. मी एकटाच हसत होतो. मग हसू थांबलं, कारण लक्षात आलं की पुढच्या रविवारी तुम्ही माझ्यासमोरच्या बाकावर बसणार.

तेव्हा दाजी, स्पष्ट बोलू. मी तुम्हाला डोळ्याचं सांगितलं ते मेहुण्याने बहिणीच्या नवऱ्याला सांगितलं. समोरच्या टीमच्या मास्तरला नाही. ते तुमच्या डोक्यात कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण तिथून बाहेर काढू नका. यापुढे आपण डोळ्याबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही.

तुमचा मेहुणा


१९ ऑक्टोबर

भिंतराव,

तू म्हणतोस बोलायचं नाही. मी बोलणार.

जे ऐकलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण ते ऐकलंच नाही असं मला करता येत नाही. सरावात पोरांना काही सांगायला तोंड उघडतो आणि मध्येच थांबतो, कारण मी जे सांगतोय ते मला आधीपासून येत होतं की तुझ्या पत्रातून आलं हेच मला कळेनासं होतं.

रविवारी उभा राहू नकोस. यापेक्षा जास्त आज लिहिता येत नाही, माझेही हात बांधलेले आहेत. एवढंच सांगतो की त्या बाजूने काय येईल ते तुझ्या हातात नसेल. माझ्याही नसेल. अजूनही डॉक्टरकडे जा. डोळ्याची काळजी घे. सावली किती आली ते कळव.

दाजी


२० ऑक्टोबर
कॅम्प

वा! वा, मास्तर!

आज ‘तुम्ही’ नाही. ताई रागावली तर रागावू दे. आज आपण मैदानावर आहोत आणि मैदानावर तू माझा दाजी कधीच नव्हतास.

“डोळ्याची काळजी घे. सावली किती आली ते कळव.” मी ही ओळ वाचली आणि खुर्चीतच बसलो. मला गुडघा विचारतोस? मला?

हा डाव कुणी काढला होता? आपण दोघांनी. त्या लांब पायांच्या फॉरवर्डसाठी. सामन्याच्या आधी मैदानात जायच्या बोगद्यात तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि इतक्या मायेने विचारलंस, “गुडघा कसा आहे रे आता?” त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तो म्हणाला, “कुठला गुडघा?” आणि मी मागून म्हणालो, “असू दे, नको आठवण करून देऊस त्याला.” बस. बिचारा सगळा वेळ वाकून गुडघाच चाचपत होता. एकदाही गोलावर नीट मारलं नाही. नंतर वर्षभर आपण प्रत्येक टीममध्ये एकाला गुडघा विचारत होतो. कुणाला पाठ, कुणाला बायको. आपण हसून हसून लोळायचो.

आता माझी पाळी का? “त्या बाजूने काय येईल.” कुठली बाजू, ते न लिहिता मला रविवारी नव्वद मिनिटं तिकडेच बघायला लावायचं. शाबास. डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला म्हणे! छान रंगवलंस. मी भोळा, ते वाचून दोन दिवस जेवलो नाही. आता मला शंका येते, तू त्या डॉक्टरकडे गेला तरी होतास का?

मास्तर म्हणून तुला पहिल्यांदा फायनल मिळालीय. तुला जिंकायचंय. मला राग त्याचा नाही. मला राग याचा येतो की हे तू ताईच्या भावाला केलंस.

माझा डोळा उत्तम आहे. रविवारी तो बघ.

भिंत


२२ ऑक्टोबर, संध्याकाळ
तुझ्या कॅम्पच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरून

भिंतराव,

हे पत्र मी स्वतः घेऊन आलोय. फाटकावरच्या माणसाने मला ओळखलं आणि आत सोडलं नाही. बरोबर केलं त्याने. तुमचे बुटांचे काका पानं आणायला बाहेर आले, त्यांच्या हाती देतोय. ते म्हणाले, उद्या सकाळी न्याहारीच्या वेळी देतो, आज मॅनेजर खोल्या तपासतोय.

तुझं पत्र वाचलं. आधी वाईट वाटलं, मग कळलं की मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, आणि शिव्या याहून वाईट दिल्या असत्या. समोरच्या टीमच्या मास्तरने तुला काहीही सांगितलं तरी तो डावच असणार. कितीही खरं बोललो तरी. हे माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही कोण जाणे.

काय झालं ते सांगतो. मंगळवारी माझ्या सहाय्यकाने तुमच्या सेमीफायनलची चित्रफीत लावली. त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “मास्तर, हा मान वळवून का उभा राहतो? याला डावीकडून दिसत नाहीये.” मी एक शब्द बोललेलो नव्हतो, तुझ्या ताईची शपथ. त्याने स्वतः ओळखलं. हुशार आहे. मग त्याने बेत मांडला. तो बेत काय ते मी तुला सांगणार नाही, तो पोरांचा आहे, त्यांच्या घामाचा आहे. पण रेडा किती ताकदीने उडी मारतो आणि उडी मारताना त्याचे गुडघे कुठे असतात ते तूही टीव्हीवर पाहिलंयस.

आता मी काय करायचं होतं? हो म्हटलं तर तुझ्या डोळ्यावर मीच माणूस सोडला. नाही म्हटलं तर या पोरांना त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव फायनलला मी माझ्या मेहुण्यासाठी फसवलं. तीन दिवस मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. सराव चालू, मी शिट्टी तोंडात धरून उभा, आणि शिट्टी वाजवायचीच विसरतोय. आज दुपारी क्लबच्या अध्यक्षांकडे गेलो आणि मास्तरपद सोडलं. कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुझं बिंग फुटलं असतं. ते म्हणाले, “फायनलच्या आदल्या दिवशी? घाबरलात?” मी म्हटलं, हो. टीमच्या बसच्या ड्रायव्हरने माझं सामान खाली उतरवून दिलं आणि नमस्कारसुद्धा केला नाही. रेडा खिडकीत होता. तो रडत होता की चिडला होता, बघायचं धाडस झालं नाही.

उद्या सहाय्यक बाकावर बसेल आणि बेत चालेल. तो मी थांबवू शकत नाही. मी फक्त एवढंच करू शकत होतो, की तुला सांगणारा माणूस कुठल्याच टीमचा नसेल. आता माझं जिंकण्या-हरण्यात काही राहिलेलं नाही. माझ्याकडे डाव खेळायला टीमच नाही.

तुझा डोळा जाईल. उभा राहू नकोस.

दाजी

*

धाकट्या,

खाली जागा उरलीय म्हणून मी लिहिते. मीही इथेच टपरीवर बसलेय, यांना एकट्याला गाडी चालवू दिली नाही. मला सगळं आज कळलं. दोघं जण पंधरा दिवस माझ्यापासून लपवत होतात, त्याचा हिशेब नंतर करीन.

यांना फायनल किती हवी होती ते तुला माहीत नाही. सेमीफायनलनंतर घरी आले आणि बूट न काढता गादीवर आडवे पडून छताकडे बघत हसत होते. हे मी तुला लाजवायला सांगत नाहीये. तू यांना खोटारडा म्हणालास म्हणून सांगतेय.

मला चषक नको, या घरातही नको आणि त्याही घरात नको. तू माझ्याकडे बघशील तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघ. बाकी तुझी मर्जी.

ताई


२९ ऑक्टोबर
हॉस्पिटल

दाजी,

ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. डाव्यावर पट्टी आहे, उजव्याला परवानगी मिळालीय पण थोडाच वेळ. नर्सबाई दर दहा मिनिटांनी येऊन कागदाकडे रागाने बघतात. आणि हो, ‘तू’ लिहितोय, पण हा तू वेगळा आहे.

रविवारी सकाळी जेवणघरात टीव्ही चालू होता. बातमी एकच, समोरच्या टीमचे मास्तर सामन्याआधीच पळाले. आमची पोरं टेबलं बडवायला लागली. “म्हातारा घाबरला!” मीही टेबल बडवलं. तेवढ्यात काकांनी पाव ठेवायच्या निमित्ताने तुझं पत्र माझ्या ताटाखाली सरकवलं. मी ते न्हाणीघरात जाऊन वाचलं.

तुला खरं सांगू? मला तू खोटा हवा होतास. तू डाव टाकतोयस असं ठरवलं की माझा डोळा बरा होत होता. त्या रागाच्या पत्रानंतर मला दोन दिवस छान झोप लागली. ज्याने गुडघा विचारायचा डाव शोधला तोच माणूस, तो काय खरं बोलणार! आणि तू बाकच सोडून आलास. आता रागवायला कुणी उरलंच नाही. उरली ती सावली, आणि ती तोपर्यंत नाकापर्यंत आली होती.

तरीही मी मैदानावर गेलो, दाजी. तेही सांगून टाकतो. बूट घातले, ग्लोव्ह्ज घातले, लोक माझं नाव घेऊन ओरडत होते आणि मी हात वर केले. मनात म्हणत होतो, दाजीने त्याचं सोडलं, ती त्याची मर्जी. अंग गरम करायला आमचे कोच डावीकडून उंच चेंडू टाकायला लागले. पहिला धरला. दुसरा कुठून आला ते कळलं नाही, माझ्या खांद्याला लागून जाळीत गेला. कोच हसले. तिसरा थेट माझ्या छातीवर आदळला, आणि मी हातसुद्धा वर केला नव्हता. मग कोच हसले नाहीत. मी गोलाच्या डावीकडच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला भीती वाटली. इतकी वर्षं खेळलो, लोकांचे बूट तोंडाशी आले, कधी वाटली नव्हती.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आत्ता सांगतोस?” त्याचं चुकलं नाही. आमचा दुसरा गोलकीपर माझ्यामुळे सगळं उमेदीचं वय बाकावर बसून आहे. त्याला सांगितल्यावर तो कोपऱ्यात जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि म्हणाला, “ग्लोव्ह्ज तुझेच दे.” दिले.

गोल झाला तेव्हा मी इथे हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी खाटेवर होतो, दोन्ही डोळ्यांत औषध घातलेलं. बाहेरच्या बाकावर कुणीतरी रेडिओ लावला होता. डावीकडून उंच चेंडू, रेडा, डोकं. तुझ्या सहाय्यकाचा बेत. आमचा पोरगा बाहेर आला होता, हिमतीने आला, रेड्याचा गुडघा त्याच्या खांद्यावर बसला आणि तो तसाच उठला. खांद्यावर बसला, दाजी. तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे.

एक शून्य. तुमच्या फाटक्या टीमने चषक नेला. ना तू तिथे होतास, ना मी.

डॉक्टर म्हणतात डोळा राहील. अंधुक, पण राहील. ताई समोर आली तर ताई आहे एवढं कळेल, रागावलीय की नाही ते जवळ आल्याशिवाय कळणार नाही. खेळ संपला. काल मी वार्ताहरांना खोलीत बोलावलं आणि तू का गेलास ते सगळं सांगितलं, पत्रांसकट. तुला आवडणार नाही, पण तू पळपुटा म्हणून फिरणार आणि मी गप्प पडून राहणार हे मला जमणार नाही. तुझ्या अध्यक्षांचा माणूस आज सकाळी माझ्याकडे येऊन गेला, तुला परत बोलवायचंय म्हणे, आणि तुझा पत्ता माहीत असताना माझ्याकडे विचारत होता. त्याला म्हटलं, स्वतः जाऊन दार ठोठाव.

पेपरात आजही तेच आहे. सगळ्यांत मोठे गोलकीपर, आणि माझ्या नावापुढे तो ‘पण’. आता तो कायमचा. मला वाटलं होतं मला तुझ्याबद्दल नुसतं प्रेम वाटेल. तसं नाहीये. तू मला उभं राहू दिलं नाहीस याचा मला रात्रंदिवस राग येतो, आणि तू नसतास तर मी आंधळा झालो असतो हेही मला रात्रंदिवस ठाऊक असतं. दोन्ही एकदम. यावर डॉक्टरकडे औषध नाही.

तो चेंडू मला दिसलाच नसता. हे मी या कागदावर एकदाच कबूल करतो आणि पुन्हा कधी करणार नाही. यापुढे म्हातारा होईपर्यंत, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत, प्रत्येक लग्नात, मी म्हणणार आहे की रेड्याचा तो हेडर मी असतो तर अडवला असता. लोक कंटाळतील. ताई उठून जाईल. तू तिथे बसून राहायचंस.

मेहुणा


३० ऑक्टोबर

अडवला असतास.

उद्या सकाळी येतो.

दाजी